मदत हवी आहे: फॉर्म ५ मधील आकडे जुळत नाहीत

रबाळेकर: नमस्कार. आमच्या कारखान्याचे पर्यावरण विवरणपत्र, म्हणजे फॉर्म ५, ३० सप्टेंबरपूर्वी प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे भरायचे आहे आणि त्याच आठवड्यात ऑडिटरही येणार आहेत. ईटीपीतल्या (सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पातल्या) गाळाच्या नोंदवहीतले वर्षाचे वजन मॅनिफेस्टवरच्या (गाळ नेणाऱ्या गाडीसोबतच्या कागदावरच्या) वजनापेक्षा बरेच जास्त भरते आहे, शिवाय पाण्याचा वापरही वाढलेला दिसतो. आजवर हे काम सल्लागार पाहत असत. त्यांनी आदल्या वर्षाचेच आकडे थोडेफार बदलून भरले होते, हे जुन्या फायली काढल्यावर लक्षात आले. कोणता आकडा भरावा, कृपया लवकर सांगावे.

महापे_ईटीपी: कारखाना कशाचा आहे? ऑडिटर ग्राहकाचे की आयएसओचे? जूनमध्ये फॉर्म ४ (घातक कचऱ्याचे वार्षिक विवरण) भरताना गाळाचे वजन किती दाखवले होते? एवढे कळल्याशिवाय काही सांगता येणार नाही.

रबाळेकर: क्षमस्व, घाईत राहून गेले. झिंक प्लेटिंगचा (जस्ताचा मुलामा देण्याचा) लहान कारखाना आहे. ऑडिटर ग्राहक कंपनीचे आहेत. फॉर्म ४ मध्ये मॅनिफेस्टचे वजन दिले होते.

वागळे_इस्टेट: मग नोंदवही मॅनिफेस्टप्रमाणे पुन्हा लिहून काढावी. आमच्याकडे अनेक वर्षे असेच चालते आणि आजवर कोणी विचारलेले नाही.

महापे_ईटीपी: हा सल्ला कृपया मानू नये. खोटी नोंद कायद्याने तर चुकीची आहेच, पण कारखान्यात काय बिघडले आहे हे कळण्याची वाटही तिने बंद होते. १९९२ मध्ये या विवरणपत्राची अधिसूचना निघाली तेव्हा त्याचे नाव लेखापरीक्षण अहवाल असेच होते. विवरणपत्र हे नाव १९९३ मध्ये आले. त्यातील भाग ‘ब’ मध्ये उत्पादनाच्या प्रत्येक एककामागे मागील वर्षी किती पाणी लागले आणि यंदा किती, हे विचारले आहे ते याचसाठी. आता एक सांगा, गाळाचे वजन नेमके कुठे आणि केव्हा करता?

खारघर_सल्ला: आयएसओ १४००१ हे पर्यावरण व्यवस्थापनाचे प्रमाणपत्र घेऊन टाकावे. २०१५ च्या आवृत्तीत कलम ९.२ अंतर्गत लेखापरीक्षणाचे आहे, त्यामुळे दरवर्षीची ही धावपळ कायमची थांबेल.

महापे_ईटीपी: प्रमाणपत्र जरूर घ्यावे, परंतु त्यांना या महिन्यात फॉर्म भरायचा आहे.

वागळे_इस्टेट: पाण्याचे म्हणाल तर एमआयडीसीच्या बिलात शौचालय आणि बागेचे पाणीही येते, ते आधी वजा करावे.

महापे_ईटीपी: हे मात्र बरोबर आहे. फॉर्ममध्ये प्रक्रिया, शीतकरण आणि घरगुती वापर वेगवेगळे मागितले आहेत, म्हणून धुलाईच्या लाइनवर स्वतंत्र मीटर हवा. दुपारच्या सुट्टीत एकदा लाइनजवळ उभे राहून पाहावे.

रबाळेकर: दोन्ही गोष्टी पाहून आले. वजन फिल्टर प्रेसखालीच (गाळातले पाणी दाबून काढणाऱ्या यंत्राखाली) होते आणि तेव्हा गाळ ओला असतो. ४० किलो नोंद असलेली एक गोणी आज शेडमधून काढून पुन्हा काट्यावर ठेवली, तेव्हा ती २७ किलो भरली. गाळ कोरडा पडून कडांना पांढरा झाला होता. गाडी येईपर्यंत ७०-८० दिवस जातात, त्यामुळे मॅनिफेस्टवर हलके वजन येते. पाण्याचे कारणही तिथेच सापडले: जेवणाच्या सुट्टीत पिकलिंगनंतरच्या (आम्लात गंज काढल्यानंतरच्या) धुलाई टाकीचा नळ पूर्ण उघडा होता, टाकीत एकही जॉब (मुलामा द्यायचा भाग) नव्हता आणि स्वच्छ पाणी काठावरून सरळ ईटीपीकडे वाहत होते.

महापे_ईटीपी: मग दोन्ही वजने खरी आहेत. फॉर्म ५ मध्ये मॅनिफेस्टचेच वजन द्यावे, म्हणजे ते फॉर्म ४ शी जुळेल, आणि ओल्या वजनातील फरकाचे कारण सोबत लिहावे. यापुढे गोणी भरताना आणि गाडीत चढवताना, दोन्ही वेळा वजन करावे. ९० दिवसांची साठवण मर्यादाही सांभाळावी. नळाचे म्हणाल तर तो नुसता बंद करून भागणार नाही. दोन टाक्या जोडून जॉबच्या उलट दिशेने पाणी फिरवावे आणि जिग (जॉब टांगायची चौकट) रसायनाच्या बाथवर थोडा वेळ निथळू द्यावी, म्हणजे पाण्यासोबत गाळही कमी होईल. हा खर्च भाग ‘ह’ मध्ये प्रस्तावित गुंतवणूक म्हणून दाखवता येतो.

रबाळेकर: मनापासून आभार. मालकांना ती गोणी आणि तो नळ दाखवला आहे. दुसऱ्या टाकीसाठी त्यांनी जागा मोजायला सांगितली आहे. वाढलेला पाण्याचा आकडा आहे तसाच भरते.