मदत हवी आहे: माळ्यावरच्या चपलांनी नफा वाढला कसा?

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात आमचा चपलांचा छोटा कारखाना आहे. एम.कॉम.चा अभ्यास घरच्या हिशेबाला लावला आणि अडकलो.

महिन्यात १,००० जोड केले, ८०० विकले. भाव ६५०, चामडं-मजुरी धरून बदलता खर्च ४००, कारखान्याचा स्थिर खर्च १ लाख. मार्जिनल कॉस्टिंगने (स्थिर खर्च जोडांवर न वाटता त्याच महिन्यात पूर्ण वजा करून) नफा १ लाख, अ‍ॅब्सॉर्प्शनने (स्थिर खर्चही प्रत्येक जोडावर वाटून) १ लाख २० हजार! शिल्लक २०० जोडांवर १००-१०० रुपये स्थिर खर्च चढून बसलाय, एवढं कळलं. (बाबा म्हणतात, न विकलेल्या चपलांनी कधी नफा दिलाय का?)

पुढच्या महिन्यात ८००च केले, स्थिर खर्चाचा दर जोडामागे १००च ठेवला, जुने धरून १,००० विकले. आता स्थिर खर्चातले २० हजार वसूलच झाले नाहीत. ते त्याच महिन्याच्या नफ्यातून वजा करायचे, की जुन्या मालाची किंमत बदलायची? कुणी मांडून दाखवेल का?