‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’: शेवट गोड केला की गोष्टच घालवली?

अनवट: ट्रुमन कपोटीची लघुकादंबरी १९५८ची, ब्लेक एडवर्ड्सचा सिनेमा १९६१चा. मधल्या तीन वर्षांत नायिका हॉलीला पार माणसाळवून टाकलं. पुस्तकात ती मांजराला गाडीतून उतरवते, लगेच पस्तावून मागे धावते, तोवर मांजर पसार. मग ब्राझीलला जाते ती जातेच. सिनेमात? पाऊस, मांजर सापडलं, चुंबन, संपलं. त्याआधी टॅक्सीत नायक पॉलचं ‘तू माझी आहेस’ छाप प्रवचन. पुस्तकात पॉलच्या जागी असलेल्या निवेदकाला धड नावही नाही, हक्क सांगणं तर लांबच.

चहाबाज: अहो, शेवट चिकटवलेला नाही, आधीपासून पेरलाय. टिफनीच्या दागिन्यांच्या दुकानातला प्रसंग आठवा. (पुस्तकात नाही हो तो!) हॉली-पॉलकडे खर्चायला दहाच डॉलर, म्हणून खाऊच्या पाकिटात फुकट निघालेली अंगठी पुढे करतात आणि विचारतात, हिच्यावर अक्षरं कोरून द्याल का? जॉन मॅकगिव्हरचा तो सुटाबुटातला विक्रेता कपाळाला आठीही न घालता ती हातात घेतो आणि चौकशी करतो, पाकिटात अजून बक्षिसं निघतात का म्हणून! तीच अंगठी शेवटी टॅक्सीत हॉलीच्या हातात पडते. एवढी नाजूक विनोदी जागा आणि तुम्ही मांजर धरून बसलात.

रातकिडा: नाजूक विनोद म्हणे! हॉलीचा शेजारी युनिओशी झालेला मिकी रूनी विसरलात? खोटे दात लावून, धडपडत, किंचाळत जपान्याची नक्कल. पुस्तकातला युनिओशी कॅलिफोर्नियाचा फोटोग्राफर आहे. त्याने आफ्रिकेत काढलेल्या फोटोंवरूनच हॉलीचा विषय निघतो, गोष्ट सुरू होते. म्हणजे ज्याच्यामुळे गोष्ट, त्याचंच माकड केलं.

चहाबाज: रूनीचं समर्थन कोण करतंय? एडवर्ड्सनंही पुढे खंत बोलून दाखवली. पण तेवढ्यासाठी खिडकीत गिटार घेऊन ‘मून रिव्हर’ गाणारी ऑड्री हेपबर्न मोडीत काढायची? गाण्याला ऑस्कर आहे म्हटलं!

अनवट: कपोटीला मर्लिन मन्रो हवी होती, ते एक राहू द्या. हेपबर्न गोडच आहे, तक्रार तीच आहे. तेराचौदाव्या वर्षी लग्न लावून दिलेली, त्यातून पळालेली पोर तिच्यात दिसतच नाही. तो नवरा, डॉक, येतो, बस स्टँडवर निरोप होतो, दोन मिनिटं डोळे ओले, पुढे चालू.

चहाबाज: बस स्टँडवर मी तरी दोन मिनिटांत सावरलो नाही बुवा.

रातकिडा: आणि ऑस्कर मिळालं ते संगीताला. ॲक्सलरॉडची पटकथा नामांकनावरच परतली.