रि: रि: रि: संक्रांतीच्या सिनेमाला समांतर विश्व चालेल का?

प्रेषक: बंडू (चित्रपट समिती)

नमस्कार मंडळी,

संक्रांतीच्या कार्यक्रमानंतर सिनेमा दाखवायचाय आणि पोरांचा आग्रह आहे की या वेळी मल्टिव्हर्स, पॅरलल वर्ल्ड वगैरे काहीतरी हवं. चालेल, पण सुपरहिरोवाले प्लीज नकोत. तिथे एक मेला की दुसऱ्या विश्वातून तोच माणूस पुन्हा हजर, मग रडायचं कोणी आणि कशाला.

माझं मत 'कोहिरन्स'ला. २०१३ चा आहे, बऱ्याच जणांनी नावही ऐकलं नसेल. आठ मित्रमैत्रिणी जेवायला जमलेत, डोक्यावरून धूमकेतू चाललाय, लाईट जातात, आणि आख्ख्या गल्लीत एकाच घरात उजेड दिसतो म्हणून दोघं तिकडे जातात. परत येतात ते पार हादरलेले, एकाच्या कपाळाला जखम, आणि सांगतात की खिडकीतून आत बघितलं तर हेच टेबल आणि हीच माणसं, आपणच. जेम्स वॉर्ड बर्किट म्हणून दिग्दर्शक आहे, त्याने स्वतःच्याच घरात पाच रात्रीत शूटिंग उरकलं, नटांना पूर्ण स्क्रिप्ट दिलीच नाही, रोज ज्याला त्याला त्याच्यापुरती चिठ्ठी, त्यामुळे समोरचा आता काय बोलणार हे कोणालाच माहीत नाही आणि चेहऱ्यावरचा गोंधळ खराखुरा. ही मंडळी अंधारात निळ्या ग्लोस्टिक (चमकणाऱ्या कांड्या) घेऊन बाहेर पडतात आणि रस्त्यात दुसरा घोळका दिसतो, त्यांच्या हातात लाल. बास, एवढंच, पण माझी तर टरकली.

लवकर कळवा, हॉलवाल्याला सांगायचंय.

बंडू

-----

प्रेषक: नानाकाका

चि. बंडू,

काल रात्री बघितला. आहे चांगला, पण निम्मा वेळ ती मंडळी वाईन पीत एकमेकांची जुनी लफडी उकरून काढतात, आज्जी लोकांच्या शेजारी तूच बस.

आता जन्मभर फिजिक्स शिकवलंय म्हणून दोन शब्द बोलतो, कंटाळा आला तर डिलीट करा. ही अनेक विश्वांची कल्पना ह्यू एव्हरेटने १९५७ साली प्रिन्स्टनच्या प्रबंधात मांडली. तेव्हा कोणी फारसं विचारलं नाही, गडी फिजिक्स सोडून पेंटागॉनच्या कामाला लागला. तर त्याच्या गणितात विश्वाला फाटे फुटतात, पण एकदा फुटले की या फांदीवरून त्या फांदीवर बोलाचाली बंद. जाणं नाही, येणं नाही, खिडकीतून डोकावणं तर नाहीच. आणि सिनेमावाल्यांना नेमकं तेच हवं असतं, कारण दोन विश्वं भेटलीच नाहीत तर भांडण कुठून आणणार? म्हणून मग धूमकेतू आणा, मशीन आणा, काहीतरी करून दार उघडा.

हे दार न उघडता गोष्ट सांगणारा सिनेमा म्हणजे 'स्लायडिंग डोअर्स', १९९८. लंडनच्या मेट्रोच्या जिन्यात बाहुली घेतलेली एक छोटी मुलगी हेलनच्या वाटेत येते आणि गाडी चुकते. मग तेच पुन्हा दाखवतात, या वेळी आई मुलीला बाजूला ओढते आणि गाडी मिळते. तिथून दोन आयुष्यं. गाडी चुकलेलीला चोर धक्का देतो म्हणून तिच्या कपाळावर पट्टी, गाडी मिळालेली पुढे केस बारीक कापते, म्हणजे प्रेक्षकाचा गोंधळ नको. दोघी एकमेकींना कधीच भेटत नाहीत. शेवटचा लिफ्टमधला प्रसंग सोडला तर एव्हरेटशी सगळ्यात प्रामाणिक हाच, आणि गंमत म्हणजे त्याला सायन्स फिक्शन कोणी म्हणतच नाही. मूळ युक्ती पोलंडचा दिग्दर्शक किश्लॉव्हस्कीची, 'ब्लाइंड चान्स'मध्ये. तिथे गाडीमागे पळणारा पोरगा एका आयुष्यात कम्युनिस्ट पक्षात, दुसऱ्यात विरोधकांत, तिसऱ्यात नुसता डॉक्टर. १९८१ ला तयार झालेला सिनेमा सरकारने १९८७ पर्यंत अडकवून ठेवला.

आणि संक्रांतीच्या दिवसांत समांतर विश्व म्हणताय आणि 'गंगाधरपंतांचे पानिपत' कोणालाच आठवू नये? जयंत नारळीकरांच्या या विज्ञानकथेतले गंगाधरपंत गायतोंडे सर अशा विश्वात जातात जिथे १४ जानेवारी १७६१ ला मराठे जिंकलेत आणि मुंबईत व्हीटी स्टेशनासमोर अजून ईस्ट इंडिया कंपनी. फरक किती, तर गोळी विश्वासरावांच्या कानाला चाटून गेली, तिळाएवढी इकडे असती तर संपलं. पुरावा काय, तर बखरीचं एक फाटकं पान खिशात. नारळीकरांनीसुद्धा दार उघडलंच, पण निदान का उघडलं ते गोष्टीतच बसून समजावतात, धूमकेतूवर ढकलत नाहीत.

नाना

-----

प्रेषक: ताई

काका, फिजिक्स मान्य, पण दार उघडायचंच नाही म्हटलं तर 'एव्हरीथिंग एव्हरीवेअर'चं काय करायचं? सात ऑस्कर उगाच नाही मिळाले. त्यातली एव्हलिन बापाचं न ऐकता नवऱ्याबरोबर अमेरिकेत आली, कपडे धुण्याचं दुकान, टॅक्सच्या पावत्यांचा ढीग, आणि जिथे ती आलीच नाही त्या विश्वात ती मोठ्ठी सिनेनटी. आता दार बंद ठेवलं असतं तर तिला हे कळलं कसं असतं? न कळलेल्या आयुष्याचं वाईट वाटत नाही, वाईट वाटायला बघावं लागतं. तुमच्या हेलनला शेवटपर्यंत पत्ताच नाही की आपलं काय हुकलं, सगळं फक्त आपल्याला माहीत, त्यामुळे मला ती जरा कोरडीच वाटते.

त्यात दोन दगड कड्यावर बसून गप्पा मारतात, आवाज नाही, नुसती अक्षरं, तो सीन मी आमच्या लेकीबरोबर बघितला आणि नंतर दोघीही बराच वेळ उगाच किचनमध्ये भांडी लावत होतो.

हॉलमध्ये दाखवा असं मात्र म्हणत नाहीये. टॅक्स ऑफिसातली ती ट्रॉफीची मारामारी ज्यांनी पाहिलीय त्यांना कळेल का ते. 🙈

आणि हिंदीच हवा असेल तर 'दोबारा' आहे ना, तापसीचा, २०२२, 'मिराज' नावाच्या स्पॅनिश सिनेमावरून केलेला आणि घडतो आपल्या पुण्यात. वादळात जुन्या टीव्हीतून ती पूर्वीच्या एका मुलाला वाचवते आणि सकाळी उठते तर स्वतःची मुलगीच या जगात नाही. काका, इथेही दार उघडंच आहे, पण किंमत बघा केवढी मोजायला लावलीय.

ताई

-----

प्रेषक: बंडू (चित्रपट समिती)

ओके, हॉलमध्ये 'स्लायडिंग डोअर्स', आज्जी लोक पण सेफ (थोडी लफडी त्यातही आहेत काका, तुम्ही सोयीस्कर विसरलात). त्याआधी नानाकाका दहा मिनिटं गायतोंडे सरांची गोष्ट सांगतील, दहा म्हणजे दहाच. 'कोहिरन्स' दुसऱ्या शनिवारी आमच्या बेसमेंटमध्ये, ज्यांना यायचंय त्यांनी मला वेगळी मेल करा, इथे रिप्लाय ऑल नको. ताई, 'दोबारा' पाडव्याला बघू.

खजिनदारांनी आठवण केलीय की हॉलमध्ये दाखवायचं म्हणजे पब्लिक स्क्रीनिंगचं लायसन्स लागतं, कोणाच्या घरच्या अकाउंटवरून लावता येणार नाही. त्याचे पैसे तिकिटात धरलेत, म्हणून या वेळी तिकीट थोडं जास्त आहे.