पांढरं आय-लायनर रोज वापरावं, पण ते पांढरं दिसू देऊ नये. पटतंय का?

रंगपेटी:
पांढरी पेन्सिल घेतली जाते हौसेने आणि पडून राहते वर्षभर. कारण एकच: घेतली की पहिल्यांदा ती खालच्या वॉटरलाइनवर, म्हणजे पापणीच्या केसांच्या आतल्या ओलसर कडेवर, ओढली जाते, डोळे वटारल्यासारखे दिसतात आणि पेन्सिल परत कप्प्यात जाते. माझं स्पष्ट मत आहे की रोजच्या मेकअपमध्ये ही पेन्सिल रेघ ओढण्यासाठी नाहीच. तिने दुसऱ्या रंगाच्या खाली राहून काम करावं.

सगळ्यात चांगला उपयोग आयशॅडोचा बेस म्हणून. पापणीची त्वचा क्वचितच एकसारख्या रंगाची असते. कुठे तपकिरी, कुठे जांभळट, कुठे बारीक शिरा दिसतात. फिकट निळा, पीच, लव्हेंडर असे रंग त्यावर लावले की मळकट होतात किंवा दिसतच नाहीत. पांढऱ्या पेन्सिलमध्ये बहुतेक वेळा टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरं रंगद्रव्य असतं आणि त्याची झाकण्याची ताकद जबरदस्त. शिवाय पेन्सिल मेणकट, त्यामुळे वरची पावडर धरून ठेवते. पापणीच्या मधल्या भागावर दोन-तीन फराटे मारा, अनामिकेने दाबून पसरवा आणि लगेच वरून आयशॅडो थोपटा. घासू नका, थोपटा. थर जाड झाला तर दुपारपर्यंत पापणीच्या घडीत जमा होतो.

दुसरा उपयोग: गडद निळ्या किंवा हिरव्या पेन्सिलच्या रेघेवर पांढरी फिरवून बोटाने पुसटायची. हातातल्या पेन्सिलीतूनच नवीन मऊ छटा मिळते. तिसरा: डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यात टाचणीच्या डोक्याएवढा ठिपका, बोटाने टिपलेला. वरच्या ओठाच्या मधल्या खाचेवर पुसटशी लावली तर ओठांचा आकार उठून दिसतो, तेही छान. भुवईखाली मात्र नको. तिथे पांढरा पट्टा फार लवकर दिसून येतो.

सावळी:
नाही पटलं. हे सगळं गोऱ्या चेहऱ्यांवरच्या व्हिडिओंमध्ये छान दिसतं. माझ्यासारख्या गडद त्वचेवर पांढरं पसरवलं की राखाडी होतं, अगदी राख फासल्यासारखं. ठिपका लावला तर लांबून वाटतं डोळ्यात काहीतरी गेलंय. जे काम तुम्ही सांगताय ते बेज किंवा पीच पेन्सिल, नाहीतर साधा कन्सीलरसुद्धा करतो आणि त्वचेत मिसळूनही जातो. मग पांढऱ्याचा हट्ट कशासाठी?

रंगपेटी:
सावळी, राखाडी होतं हे खरंच आहे. पांढऱ्याचा पातळ थर गडद पृष्ठभागावर निळसर-राखाडी दिसतो, रंगकाम करणाऱ्या कुणालाही हे माहीत असतं. पण त्यावर उपाय जागेचा आहे. पांढरा पापणीच्या मधोमधच ठेवायचा आणि आयशॅडो त्याच्या हद्दीबाहेर न्यायचा, म्हणजे पांढऱ्याची कड उघडी पडत नाही. कन्सीलरबद्दल असहमत. त्वचेच्या रंगाचा कन्सीलर डाग झाकतो, रंग उजळवत नाही. गडद पापणीवर लिंबू-पिवळा किंवा आकाशी निळा डबीत दिसतो तसाच दिसायला हवा असेल, तर खाली पांढरंच लागतं. मला तर वाटतं या बेसची सगळ्यात जास्त गरज गडद पापण्यांनाच आहे.

चष्मिस:
तुम्ही वॉटरलाइनला एका वाक्यात बाद केलंत, ते मला मान्य नाही. माझ्या चष्म्याचा नंबर मोठा मायनसचा आहे. अशा काचेतून समोरच्याला आपले डोळे लहान दिसतात. पापणीवर कितीही कलाकुसर करा, काचेमागे ती दबते. खालच्या कडेवर फिकट रेघ आली की डोळ्याचा पांढरा भाग खालपर्यंत पसरल्यासारखा वाटतो आणि डोळा उघडतो. झोप कमी झाली की कड लालसर होते, तीही झाकली जाते. वटारल्यासारखं दिसतं ते रेघ एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत सलग ओढल्यामुळे. मी फक्त बाहेरच्या अर्ध्या भागात लावते आणि खालच्या पापण्यांच्या केसांना मस्कारा लावते. केस गडद असले की आतला पांढरा वेगळा उठून येत नाही.

निरंजना:
मी डोळे तपासण्याच्या क्षेत्रात आहे, म्हणून वॉटरलाइनच्या बाजूने बोलणाऱ्यांना कळकळीने सांगते. त्या कडेवर मायबोमियन ग्रंथींची तोंडं असतात, वरच्या पापणीत साधारण 25 ते 40, खालच्या पापणीत 20 ते 30. त्यातून येणारं तेल अश्रूंचा थर लवकर सुकू देत नाही. त्याच जागेवर तुम्ही मेण आणि रंग घासताय. कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठाचा 2015 चा अभ्यास आहे: पेन्सिल पापणीच्या केसांच्या आतल्या बाजूला लावली तर बाहेर लावण्याच्या तुलनेत पाच मिनिटांत 15 ते 30 टक्के जास्त कण अश्रूंत उतरले. कोरडे डोळे असणाऱ्यांनी आणि कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी रोज हे करूच नये. लेन्स आधी घाला, मेकअप नंतर. काढताना लेन्स आधी, मेकअप नंतर. आणि पेन्सिल कुणाशी वाटून घेऊ नका, अगदी बहिणीशीही नाही.

चष्मिस:
निरंजना, लेन्सचा मुद्दा शंभर टक्के मान्य. पण त्याच अभ्यासात दोन तासांनंतर अश्रूंत नगण्य कण उरले होते, हेही सांगायला हवं. शिवाय तिथे चमकीची पेन्सिल वापरली होती. मी मॅट, वॉटरप्रूफ पेन्सिल वापरते, दर वेळी टोक काढून घेते आणि रात्री काढल्याशिवाय झोपत नाही. डोळा लाल झाला, खाज आली की बंद. मोठ्या बाईने एवढं तारतम्य ठेवून घेतलेला निर्णय आहे हा.

निरंजना:
कण निघून गेले म्हणजे डोळ्याने ते बाहेर टाकले, म्हणजे दर वेळी डोळ्याला ते काम करावं लागलं. रोज करायची गोष्ट म्हटल्यावर मी 'नको'च म्हणणार. खालच्या केसांच्या मुळाबाहेर, त्वचेवर, बेज रेघ काढा. चष्म्यामागेही फरक पडतो.

तिरकी रेघ:
मला मूळ धाग्यातलं 'पांढरं दिसू देऊ नये' हेच खटकलं. का नको दिसायला? 1966 साली लंडनच्या 'डेली एक्स्प्रेस' या वृत्तपत्राने ट्विगी या ब्रिटिश मॉडेलला त्या वर्षाचा चेहरा ठरवलं, तेव्हा फिकट पापणी, घडीत गडद रेघ आणि खाली रंगाने काढलेले पापण्यांचे केस हीच तिची ओळख होती. तो फिकटपणा दाखवण्यासाठीच होता. मी कामावर जाताना काळ्या लायनरच्या अगदी वर, त्याला चिकटून, केसाएवढी बारीक पांढरी रेघ काढते. काळी विंग, म्हणजे डोळ्याच्या कोपऱ्याबाहेर ओढलेली लायनरची शेपटी, अशी धारदार दिसते की बाकी चेहऱ्यावर काही लागत नाही. पेन्सिलने हे जमत नाही, लिक्विड लायनर घ्या, बारीक ब्रशचं. काळं पूर्ण सुकू द्या, नाहीतर दोन्ही मिळून करडा चिखल होतो. आणि हो, सावळी, गडद त्वचेवर ही रेघ फिकट त्वचेपेक्षा कितीतरी देखणी दिसते, कारण तिथे खरा कॉन्ट्रास्ट मिळतो. पसरवलेलं पांढरं राखाडी होतं, ठाम रेघ होत नाही.

अबोली५०:
पन्नाशीनंतरच्यांसाठी एक शब्द. पापणीवर सुरकुत्या असतील तर पांढरा बेस प्रत्येक सुरकुतीत जाऊन बसतो, चमकीचा असेल तर विचारूच नका. रंगपेटी, तुमचा आतल्या कोपऱ्यातला ठिपका मात्र मी लावते. मॅट, अगदी थोडा. थकवा कमी दिसतो.

रंगपेटी:
अबोलीताई, तुमच्यासाठी बेस पापणीच्या केसांलगतच ठेवला आणि घडीपर्यंत नेलाच नाही तर कदाचित जमेल.

तिरकी रेघ, तुमची रेघ सुंदर आहे यात वाद नाही. पण ती रोजची नाही. तिला स्थिर हात आणि सकाळचा निवांत वेळ लागतो, आणि जरा हललं की सगळं पुसून पुन्हा. मी घाईत, बोटाने होणाऱ्या गोष्टीबद्दल बोलत होते.

तिरकी रेघ:
सवय झाली की काळ्या लायनरला लागतो तेवढाच वेळ लागतो. काळी विंग रोज काढणाऱ्यांना कुणी म्हणत नाही की ही रोजची गोष्ट नाही.

सावळी:
ती काळ्यावरची रेघ मी नक्की करून बघणार. बेसबद्दल, कड झाकायची युक्ती पटण्यासारखी आहे, भडक रंगांपुरती मान्य. तपकिरी आणि तांबूस आयशॅडोखाली मला त्याची गरज दिसत नाही, आणि मी रोज तेच लावते. आतल्या कोपऱ्यातल्या ठिपक्याला विरोध कायम. तिथे गडद त्वचेवर फिकट सोनेरी किंवा शॅम्पेन लावा, उजेड तेवढाच मिळतो आणि डोळ्यात काही गेलंय का, असं कुणी विचारत नाही.