दम्यावर ॲलर्जीची इंजेक्शनं: मुळावर घाव की खिशावर?

कल्याणस्लो (धागाकर्ता)

लेक तेरा वर्षांची, चौथीपासून दमा. डोंबिवलीत तळमजल्यावर घर, पावसाळ्यात कपाटामागची भिंत ओली. दर जुलै-ऑगस्टमध्ये एखाद्या रात्री उशांचा ढीग रचून तिला बसवून ठेवायची वेळ येतेच. पंप आहे, स्पेसर (पंपाला जोडायची नळी) आहे, फॅमिली डॉक्टर भला माणूस आहे. पण चार वर्षांत एकदाही कुणी विचारलं नाही की पोरीला नेमकं कशाचं वावडं आहे.

गेल्या महिन्यात मेव्हण्याने आग्रह केला म्हणून ॲलर्जीच्या डॉक्टरांकडे नेलं. हातावर थेंब, सुईने हलकं टोचणं, पंधरा मिनिटं थांबणं. धुळीतल्या माइटच्या (डोळ्यांना न दिसणारा सूक्ष्म जीव) दोन्ही थेंबांखाली गांधी उठली, एक तर सात मिलिमीटरची (तीनपासून पुढे धरतात म्हणे). झुरळाची थोडी. दूध, अंडं, शेंगदाणा, काही नाही. इम्युनोथेरपी घ्या म्हणाले. माइटचाच अर्क अगदी सूक्ष्म मात्रेपासून टोचायचा, दर आठवड्याला मात्रा वाढवायची, मग महिन्याला एक, अशी तीन ते पाच वर्षं.

घरी येऊन वाचत बसलो. ही काही कालची टूम नाही. लंडनच्या सेंट मेरी रुग्णालयात लिओनार्ड नून यांनी गवताच्या परागकणांचा अर्क टोचून पाहिला आणि १९११ साली 'लॅन्सेट'मध्ये छापलं. पेनिसिलिनच्याही आधीची गोष्ट! २०१० च्या कोक्रेन (उपचारांच्या चाचण्या एकत्र तपासणारी संस्था) आढाव्यात दम्यावरच्या इंजेक्शनांच्या ८८ चाचण्या एकत्र केल्या. निष्कर्ष असा की तीन जणांना उपचार दिले तर एकाचा त्रास वाढायचा टळतो.

तर माझं मत स्पष्ट आहे. पंप म्हणजे गळक्या छपराखाली बादली. ती हवीच, पण कौल कोण बदलणार? आपले डॉक्टर पोरांना जन्मभर बादलीच का देतात?

पंपवाली

"जन्मभर बादली" वाचून डोकं सणकलं. माझा दमा सव्वीस वर्षांचा. मुलगी बघायला पाहुणे आले की आई माझा पंप फ्रिजमागे लपवायची. एकदा कांदेपोहे देताना धाप लागली आणि पंप मागायची लाज वाटली म्हणून मी न्हाणीघरात जाऊन बसले. ही लाज कुठून येते? पंप म्हणजे हरलेल्यांचं काम, असं तुमच्यासारखी शिकलेली माणसं सहज बोलून जातात त्यातून.

आणि पंप नुसती बादली नाही. रोजच्या पंपातलं स्टेरॉइड श्वासनलिकेची सूज उतरवतं. सूज हाच तर दमा. मी सकाळ-संध्याकाळ घेते आणि गेल्या दिवाळीत राजगड चढून आले. कुठलंही इंजेक्शन न घेता.

खारा वारा

मी मालवणचा. माझा अनुभव लिहितो, मग ठरवा.

२०१७ मध्ये जवळच्या शहरातल्या एका दवाखान्यात गेलो. हातावर चाचणी नाहीच, रक्त काढलं, दहा दिवसांनी चार पानी रिपोर्ट. वांगं, केळं, दही, तूरडाळ, नारळ, कोळंबी, सगळ्यांपुढे लाल खुणा. मालवणी माणसाला नारळ आणि कोळंबी बंद! मग खायचं काय, वारा? शिवाय माझ्यासाठी "खास" बनवलेली बाटली कुरिअरने घरी. त्यात अकरा गोष्टी एकत्र: माइट, कापूस, गव्हाची धूळ, मच्छर, कबुतर. गल्लीतला कंपाउंडर टोचायचा आणि मी लगेच स्कूटर काढून घरी.

दीड वर्ष केलं. बाविसाव्या का तेविसाव्या सुईनंतर वाटेतच अंगभर पित्त उठलं, घसा आवळला. वाचलो ते रस्त्यात ग्रामीण रुग्णालय होतं म्हणून. बाटली बंदरात फेकली. दमा आहे तिथेच आहे.

तेव्हा मुळावर घाव वगैरे राहू दे. घाव खिशावर बसतो.

फुफ्फुसपुराण

छातीचा डॉक्टर आहे, म्हणून थोडं लांब लिहितो.

खारा वारा, तुमच्या बाबतीत जे झालं त्याला इम्युनोथेरपी म्हणायलाच मी तयार नाही. रक्तातलं आयजीई (ॲलर्जीत वाढणारी प्रतिपिंडं) वाढलेलं असणं म्हणजे शरीर त्या पदार्थाला ओळखतं, एवढंच. तो खाऊन किंवा हुंगून त्रास होतो का, हे माणसाला विचारावं लागतं. तुम्ही कोळंबी खाऊन कधी आजारी पडलात? नाही ना. मग ती लाल खूण बघून ताटातून काढायची नसते. आणि अकरा अर्क एका बाटलीत घातले की प्रत्येकाची मात्रा इतकी पातळ होते की उपयोगाची उरत नाही. भरीला झुरळ-बुरशीच्या अर्कांतली विकरं (एन्झाइम) परागकणांचे अर्क नासवतात.

पण सर्वांत गंभीर चूक कंपाउंडरची. ब्रिटनमध्ये १९८६ साली औषध-सुरक्षा समितीने या इंजेक्शनांवर कडक बंधनं घातली, कारण १९५७ पासून तिथे २६ मृत्यू नोंदले गेले होते. ज्यांची माहिती मिळाली त्यांतले बहुतेक दम्याचे रुग्ण. हे लक्षात घ्या: सर्दी-शिंकांच्या रुग्णापेक्षा दमेकऱ्याला धोका जास्त. म्हणून नियम साधा आहे. सुईनंतर किमान अर्धा तास दवाखान्यातच, आणि हाताशी ॲड्रेनलिन (अशा प्रतिक्रियेवरचं तातडीचं इंजेक्शन). दंडात नाही, मांडीत द्यायचं.

कल्याणस्लो, तुम्ही कोक्रेनमधला तीनचा आकडा दिलात. त्याच आढाव्यातला नऊचा आकडा गाळलात. नऊ जणांमागे एकाला अंगभर प्रतिक्रिया येते, सौम्य धरून. शिवाय त्या ८८ चाचण्यांत बऱ्याच जुन्या, लहान आणि एकमेकींशी न जुळणाऱ्या आहेत.

मी विरोधक नाही, वर्षाला काही निवडक रुग्णांना मीच पाठवतो. निवड कशी? ॲलर्जी एक-दोनच गोष्टींची आणि त्रासाशी जुळणारी हवी. आणि दमा आधी आटोक्यात हवा. आटोक्यात नसलेल्या दम्याला सुई लावणं म्हणजे पेटत्या चुलीत हात घालणं. म्हणून सुई सोडून तीन प्रश्न विचारतो. मुलगी रोजचा पंप रोज घेते का? निळा पंप (धाप लागली की घ्यायचा) आठवड्यातून किती वेळा लागतो? रात्री खोकून उठते का?

कल्याणस्लो

नऊचा आकडा वाचला होता, लिहायचा राहिला. बरं, मुद्दाम गाळला असं म्हणा हवं तर.

डॉक्टर, रोजचा पंप आम्ही मेअखेर सुरू करतो आणि दसऱ्याला बंद. स्टेरॉइड उगाच वर्षभर कशाला? निळा पंप पावसात आठवड्याला तीन-चारदा. रात्री उठते, हो.

पंपवाली

घ्या! म्हणजे बादलीसुद्धा तुम्ही चारच महिने ठेवता आणि छप्पर गळतं म्हणून ओरडता.

फुफ्फुसपुराण

त्यांना झोडपू नका, माझ्याकडे येणारे निम्मे पालक हेच करतात आणि ते स्टेरॉइडच्या भीतीने करतात. पंपातली मात्रा मायक्रोग्रॅममध्ये असते, गोळीतली मिलिग्रॅममध्ये. पण तुमच्याच वर्णनावरून दमा आटोक्यात नाही. सुईचा विषय दोन-तीन महिन्यांनी. तोवर पंप रोज, आणि तो ओढताना तिला एकदा कुणी नीट पाहा.

कोजागिरी

आमच्याकडे कोजागिरीला दम्याचं औषध घातलेली खीर देतात. रात्रभर चांदण्यात ठेवायची, पहाटे खायची, मग चालायचं. हैदराबादला मृगाच्या दिवशी मरळीच्या पिलाच्या तोंडात औषध घालून जिवंत मासा गिळायला देतात. लाखो लोक जातात, ते काय सगळे वेडे?

खारा वारा

मासा गिळायचा तर आमच्याकडे या, तळून देतो.

मेलबर्नची माई

कोजागिरी, वेडे कोणी नाहीत. दम्याचं रूपच असं की तो आपणहून चढतो आणि उतरतो. उतरायच्या वेळी जे घेतलं त्याला श्रेय जातं. (हाच आक्षेप इंजेक्शनांवरही घेता येतो, म्हणून तर अर्क न घातलेली नकली सुई देऊन चाचण्या करतात.)

माझी बाजू धागाकर्त्यासारखी आहे, पण कारण वेगळं. आमच्या इथे मेलबर्नला २१ नोव्हेंबर २०१६ च्या संध्याकाळी वादळ आलं. रायगवताचे परागकण पावसाळी हवेत फुटले, बारीक कण थेट छातीत गेले. हजारो लोक रुग्णालयांत, दहा जण दगावले. त्यात भारतीय आणि आशियाई वंशाचे लोक लोकसंख्येतल्या वाट्यापेक्षा जास्त होते. अनेकांना तोवर दमा असल्याचं माहीतच नव्हतं, फक्त वसंतात शिंका यायच्या. मीही त्यातलीच. पुण्यात असेपर्यंत कधी पंप पाहिला नव्हता, इथे आल्यावर सहाव्या वर्षी नाक गळायला लागलं.

त्या रात्री माझे ओठ निळे पडले होते. त्यानंतर गवताच्या अर्काची गोळी घेतली. जिभेखाली, रोज, मोसमाच्या चार महिने आधीपासून, तीन वर्षं. पहिली गोळी डॉक्टरांसमोर, बाकी घरी. तोंडात खाज सुटायची, पंधरवड्यात थांबली. आता नोव्हेंबरात खिडकी उघडी ठेवते. पंप मात्र पर्समध्ये असतोच, आणि वादळाचा इशारा आला की बाहेर पडत नाही.

माझं म्हणणं एवढंच की "पंपाने भागतंय" हे फार कमी मागणं आहे. पंप बंद केला की महिन्याभरात सूज परत. गोळीचा कोर्स संपला तरी गुण काही वर्षं टिकतो.

पंपवाली

माई, तुमच्याकडे एकच शत्रू, तोही गवत, आणि येतो सांगून वसंतात. आमच्याकडे माइट बारा महिने गादीत. दोन्हीची तुलना कशी करता?

फुफ्फुसपुराण

पंपवाली, माइटसाठीही जिभेखालच्या गोळीची चाचणी झाली आहे. ८३४ प्रौढ, २०१६ मध्ये प्रसिद्ध. सर्वांचा स्टेरॉइडचा पंप आधी निम्मा केला, मग बंद केला. खरी गोळी घेणाऱ्यांत नकली गोळीवाल्यांपेक्षा दमा बळावण्याचा धोका साधारण ३० टक्क्यांनी कमी राहिला. मात्र रोजच्या त्रासाच्या प्रश्नावलीत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. म्हणजे माई आणि तुम्ही, दोघींना आपापल्या सोयीचं वाक्य मिळालं.

त्यात फुफ्फुसाची ताकद अपेक्षेच्या ७० टक्क्यांखाली असलेल्यांना घेतलंच नव्हतं. आणि सगळे प्रौढ. तेरा वर्षांच्या मुलीला तो निकाल जसाच्या तसा लावता येत नाही.

गाजरगवत

आमचा पुण्याचा शत्रूही नावाने तरी गवतच, गाजरगवत, फक्त बारमाही. १९५५ च्या सुमारास इथेच पहिल्यांदा डोळ्यांत भरलं आणि देशभर पसरलं. पुण्याने देशाला दिलेली ही एकमेव गोष्ट जिच्याबद्दल पुणेकर बोलत नाहीत.

एक विचारायचं होतं. मला बीपीसाठी बीटा-ब्लॉकर चालू आहे. इंजेक्शनं घेता येतील?

फुफ्फुसपुराण

डॉक्टरांना आधी सांगा, नक्की सांगा. प्रतिक्रिया आली तर त्या गोळीमुळे ॲड्रेनलिन नीट चालत नाही. दमा असताना ती गोळीच योग्य आहे का, तेही विचारा.

उंबरठा

गादी-उशीला चेन लावलेली खोळ, गरम पाण्यात चादरी, उन्हात गाद्या, हे कुणीच कसं लिहीत नाही? फुकटात होतं.

पंपवाली

खोळ फुकट नसते, विचारून बघा. मी सगळं केलं, पडदेसुद्धा काढले. घर स्वच्छ झालं, दमा तसाच. यावरही कोक्रेनवाल्यांनी ५४ चाचण्या पाहिल्या आणि फायदा दिसत नाही म्हणून सांगितलं. ज्यांच्या घरात सून आहे त्यांनी तिला रोज गाद्या उन्हात टाकायला लावू नये, एवढ्यासाठी हे लिहिते.

कल्याणस्लो

दहा आठवड्यांनी परत आलोय.

पंप रोज चालू आहे. डॉक्टरांच्या सांगण्यावरून तिला ओढताना पाहिलं. पोरगी पंप दाबायची आणि नाकाने श्वास घ्यायची! औषध जिभेवर. चार वर्षं. आम्ही दोघं आईबाप समोर उभे असायचो आणि कधी बघितलं नाही. आता स्पेसर तोंडात घट्ट, एक दाब, सावकाश श्वास, दहा आकडे. श्रावणात एकदाही उशा रचाव्या लागल्या नाहीत.

पंपवाली, ते बादलीचं वाक्य मागे घेतो. पण मत पूर्ण बदललेलं नाही. वावडं माइटचंच आहे, दमा आता आटोक्यात आहे, आणि सकाळी उठल्या उठल्या वीस शिंका अजून चालूच. डॉक्टरांनी सांगितलेल्या अटी बसतात. ॲलर्जीच्या डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून आलो: बाटलीत फक्त माइट आहे का (हो), सुई कुठे द्यायची (त्यांच्याच दवाखान्यात, अर्धा तास थांबून), वर्षभरात फरक दिसला नाही तर काय (बंद करू). तिसरं उत्तर आवडलं.

पंपवाली

दर आठवड्याला दवाखाना म्हणजे आठवीचं अर्धं वर्ष. आणि तीन वर्षं म्हणजे मध्ये दहावी. मुलीला विचारलंत का?

कल्याणस्लो

विचारलं. म्हणाली, शनिवारी क्लास बुडणार असेल तर चालेल.

खारा वारा

सुई झाल्यावर अर्धा तास. घाईत असलात तरी. मी स्कूटरवरचा माणूस सांगतोय.