पेट स्कॅन झाला तरी यकृताचा एमआरआय कशाला?
कर्करोग यकृतात पसरलाय का हे पाहताना रुग्ण विचारतात, 'पेटमध्ये यकृत स्वच्छ दिसलं, मग पुन्हा एमआरआय कशाला?' हा प्रश्न रास्त आहे, पण माझं मत एमआरआयच्या बाजूने. पेट (किरणोत्सारी साखर टोचून केलेला स्कॅन) सगळं शरीर एकदम दाखवतो, ते त्याचं बळ. मात्र १ सेंटीमीटरपेक्षा लहान गाठी, श्लेष्मल (चिकट स्राव तयार करणाऱ्या) प्रकारचे कर्करोग आणि नुकतीच झालेली केमोथेरपी, इथे तो बऱ्याचदा कमी पडतो. एमआरआयमध्ये गॅडोक्सेटिक आम्ल हे चित्रात फरक ठळक करणारं औषध शिरेतून देतात. निरोगी यकृतपेशी ते शोषून घेतात आणि सुमारे २० मिनिटांनी उजळ दिसतात. दुसऱ्या अवयवातून पसरलेल्या कर्करोगाच्या गाठीत त्या पेशीच नसतात, म्हणून ती काळी उठून दिसते. सीटी पहिल्या तपासणीला पुरेसा. सोनोग्राफी बरीचशी करणाऱ्याच्या हातावर अवलंबून. शस्त्रक्रियेचा विचार असेल तर एमआरआयबद्दल डॉक्टरांना नक्की विचारा.