लेहचा प्लॅन (बी विंगचा ग्रुप)

मेधा २०४: मंडळी, जूनमध्ये लेहला चाललोय विमानाने, आम्ही तिघं आणि सासूबाई. टूरवाल्याने प्लॅन पाठवलाय, सकाळी उतरायचं, दुपारी लोकल साइटसीइंग, दुसऱ्या दिवशी पँगाँग तलावाला मुक्काम, मग नुब्रा खोरं. जाऊन आलेल्यांनी सांगा, झेपेल का हे

सुहासकाका १०१: अजिबात नाही. प्लॅन परत पाठव त्याला. लेहच साडेतीन हजार मीटरवर आहे आणि पँगाँग सव्वाचार हजारांच्या आसपास, दुसऱ्याच रात्री तिथे झोपायला कशाला नेतोय तो?

रोहन ६०२: काका एवढं काही नसतं हो, फिट असलं की झालं. मी हाफ मॅरेथॉन पळतो, सप्टेंबरमध्ये चाललोय, पोचलो की त्याच दिवशी बाइकवर खारदुंगला खिंडीत 💪

डॉ. वैशाली ५०३: रोहन, फिटनेसचा उंचीवरच्या त्रासाशी काही संबंध नाही रे. उलट फिट पोरंच गोत्यात येतात, डोकं ठणकत असलं तरी दामटत राहतात. तिथल्या हवेतही ऑक्सिजन २१ टक्केच असतो, पण हवेचा दाब कमी, लेहला समुद्रसपाटीच्या साधारण दोन तृतीयांश, त्यामुळे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच कमी. मग शरीर भराभर श्वास घ्यायला लागतं, त्यात कार्बन डायऑक्साइड जास्त बाहेर जातो, रक्ताचं गणित बिघडतं आणि ते किडन्यांना लघवीवाटे निस्तरावं लागतं, त्यात दोनतीन दिवस जातात. मॅरेथॉनवाल्याच्या किडन्या काही जास्त जोरात पळत नाहीत 😄

रोहन ६०२: 🙈

मेधा २०४: वैशालीताई, सासूबाई ६८ च्या आहेत, बीपीची गोळी चालू आहे. त्यांना जास्त त्रास होईल का

डॉ. वैशाली ५०३: नुसत्या वयाने नाही होत जास्त. बीपी कंट्रोलमध्ये असेल तर सहसा अडत नाही, पण हृदयाचं किंवा फुप्फुसाचं काही असेल तर त्यांच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिकिटं काढू नका. त्रास साधारण पोचल्यावर सहाबारा तासांनी सुरू होतो, म्हणून उतरल्या उतरल्या सगळे एकदम ठणठणीत असतात आणि तिथेच फसतात. संध्याकाळी डोकं धरतं, मळमळतं, जेवण नको वाटतं. पहिले दोन दिवस लेहमध्ये नुसतं पडून राहायचं, दारू नाही, झोपेची गोळी नाही. रात्री झोपेत श्वास काही सेकंद थांबल्यासारखा होऊन दचकून जाग येते, त्याला घाबरू नका, उंचीवर होतं ते.

नीता ३०१: आम्ही कापराच्या पुरचुंड्या नेल्या होत्या, हुंगलं की बरं वाटायचं

डॉ. वैशाली ५०३: नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं नीताताई, पण रक्तातला ऑक्सिजन त्याने वाढत नाही. त्या ऑक्सिजन स्प्रेच्या छोट्या डब्यांचंही तेच, काही मिनिटांचा खेळ.

नीता ३०१: आणि उंचीच्या त्रासावरची ती डायमॉक्सची गोळी? कोविडमधलं ऑक्सिजन बघायला बोटाला लावायचं मशीनही आहे घरात पडलेलं

डॉ. वैशाली ५०३: डायमॉक्स उपयोगी आहे, विमानाने थेट जाणाऱ्यांना तर नक्कीच. साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, जायच्या आदल्या दिवसापासून. पण ग्रुपवर वाचून घेऊ नका, मेधा तू दवाखान्यात ये, सल्फाची अ‍ॅलर्जी, किडनी, बाकीच्या गोळ्या सगळं बघावं लागतं. बोटांना मुंग्या येतात आणि सारखं बाथरूमला जावं लागतं, ते चालायचंच. मशीन न्या, पण तिथे ८५-९० आकडा बघून रडारड नको, नव्याने पोचलेल्या धडधाकट माणसालाही तेवढा येतो, आणि बोटं गार असतील तर मशीन काहीही दाखवतं. आकड्यापेक्षा माणसाकडे बघा. बसल्या बसल्या धाप लागते, खोकला थांबत नाही, किंवा सरळ रेषेत पावलाला पाऊल लावून चालता येत नाही, असंबद्ध बोलतोय, असं झालं की सकाळपर्यंत बघू वगैरे नाही, ताबडतोब हॉस्पिटल, ऑक्सिजन आणि खालची उंची.

सुहासकाका १०१: आम्ही मनालीहून रस्त्याने गेलो होतो. लोकांना वाटतं रस्त्याने गेलं की आपोआप सवय होते, पण वाटेतला सरचूचा मुक्काम लेहपेक्षा जवळजवळ ८०० मीटर उंच, अख्खा तंबू रात्रभर जागा, एकजण तर बादली मांडीवर घेऊन बसलेला. त्यापेक्षा श्रीनगरवरून कारगिलला मुक्काम करत जा, चढ हळूहळू येतो. दिवसा कुठवर चढलात यापेक्षा रात्री कुठे झोपलात ते महत्त्वाचं.

मेधा २०४: मग विमानाने जाऊन नुब्रा आधी केलं तर?

सुहासकाका १०१: तेच कर. नुब्रा लेहपेक्षा थोडं खालीच आहे, झोप बरी लागते. मधे खारदुंगला लागतो पाच हजारांच्या वर, तिथे फक्त रेंगाळू नका.

मेधा २०४: टूरवाल्याशी आत्ताच बोलले. आधी म्हणाला सगळे असंच करतात मॅडम, मग आला लाइनवर. लेह दोन रात्री, मग नुब्रा, पँगाँग शेवटी. एक रात्र वाढतेय, ह्यांच्या सुट्टीचं बघावं लागेल

रोहन ६०२: वैशालीताई मी तिसऱ्या दिवशी बाइक काढली तर चालेल ना

डॉ. वैशाली ५०३: डोकं दुखत नसेल तर चालेल. वर दहापंधरा मिनिटं थांब, फोटो काढ आणि उतर खाली. आणि दुखत असेल तर मला फोन करून "थोडंसंच दुखतंय" म्हणू नकोस, बाइक लावून ठेव.